एकट्या मुलाचा वाद्यवृंद

बालमित्रांनो, वाद्यवृंद म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? ओळीनं बसलेले वादक, कुणाच्या हातात व्हायोलिन, कुणाच्या ओठांवर बासरी, मागे मोठाले ढोल आणि सगळ्यांपुढे हातात काडी घेऊन उभा असलेला संचालक. म्हणजे माणसं भरपूर! आता मी सांगते ते ऐका. इंग्लंडमध्ये १९७३ साली एक ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यात पियानो आहे, ऑर्गन आहे, मँडोलिन आहे, चार-पाच तऱ्हांच्या गिटारी आहेत, घंटा आहेत. सगळी मिळून वीसच्या वर वाद्यं. आणि त्यांतली बहुतेक सगळी वाजवणारा माणूस एकच! माणूस कसला, मुलगाच तो. मुद्रण झालं तेव्हा त्याचं वय होतं १९ वर्षं.

त्याचं नाव माइक ओल्डफील्ड. ध्वनिमुद्रिकेचं नाव ‘ट्युब्युलर बेल्स’, म्हणजे आपल्या भाषेत नळीच्या घंटा.

हे ऐकल्याबरोबर आपण काय म्हणतो? “बाप रे! एवढ्या लहान वयात!” आणि नेमकं इथंच जरा थांबायला हवं. टीव्हीवरच्या स्पर्धेत आठ वर्षांची चिमुरडी गायला उभी राहिली की टाळ्यांचा कडकडाट होतो. पण त्या टाळ्या तिच्या गाण्याला असतात की वयाला? बरेचदा आपण वयच ऐकत बसतो आणि गाणं ऐकायचं राहून जातं. म्हणून आज आपण परीक्षकाच्या खुर्चीत बसू या. प्रश्न एकच. हे एका मुलानं एकट्यानं वाजवलंय हे ठाऊक नसतं, तरी हे संगीत आपल्याला धरून ठेवतं का?

आधी थोडी तयारी. तुमच्यापैकी पुष्कळांनी काळी तबकडी नुसती चित्रात पाहिली असेल. आजोबांना विचारा, ते रंगून सांगतील. तबकडीला दोन बाजू असत. एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटांचं संगीत मावायचं. ती बाजू संपली की उठायचं, तबकडी उलटी करायची आणि पुन्हा सुई टेकवायची. बहुतेक वेळा एका बाजूवर चार-पाच गाणी असत. पण १९७० च्या सुमारास इंग्लंडमधल्या काही रॉक वादकांना वाटू लागलं, की तीन मिनिटांच्या गाण्यात आपल्याला काही मांडताच येत नाही. मग त्यांनी लांबच लांब रचना करायला घेतल्या. त्यांत लोकसंगीत आलं, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आलं, चमत्कारिक ताल आले. या प्रकाराला नाव पडलं ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’. नाव भारदस्त आहे, आणि खरं सांगायचं तर त्यातलं काही संगीत नुसतंच भारदस्त आहे! माइकची ध्वनिमुद्रिका याच घराण्यातली. तिच्यात गाणी नाहीतच. पहिली बाजू साडेपंचवीस मिनिटांची एक सलग रचना आणि दुसरी बाजू तेवीस मिनिटांच्या थोडी वर, तीही सलग.

माइकचा जन्म रेडिंग या गावातला, १५ मे १९५३ चा. घरी सुख नव्हतं. आई मानसिक आजारानं त्रस्त असे. मुलगा आपला खोलीत जाऊन तासन्‌तास गिटार वाजवत बसायचा. बोलण्यात बुजरा, पण बोटं मात्र फार बोलकी! पंधरा वर्षांचा असताना सॅली या मोठ्या बहिणीबरोबर त्यानं एक ध्वनिमुद्रिका केली. पुढे केव्हिन एअर्स नावाच्या गायकाच्या ताफ्यात तो बेस गिटार वाजवू लागला. या एअर्सनी त्याला आपलं टेपरेकॉर्डरचं यंत्र वापरायला दिलं आणि तिथून खरी गंमत सुरू झाली.

टेपरेकॉर्डर कसा चालायचा हे तुमच्या आई-बाबांना चांगलं आठवत असेल. जुन्या फितीवर नवं काही मुद्रित केलं की जुनं पुसलं जायचं. (बाबांच्या आवडीच्या गाण्यांच्या कॅसेटवर कुणाची तरी पाढ्यांची प्रॅक्टिस, असे प्रकार घरोघरी झालेत!) हे कशामुळे होई? फीत पुढे सरकताना आधी एका छोट्या भागावरून जाई. तो भाग जुना आवाज पुसून टाकी. मग पुढचा भाग नवा आवाज नोंदवी. माइकनं काय केलं, त्या पुसणाऱ्या भागावर जाड कागदाचा तुकडा चिकटवून टाकला. आता पुसणार कोण? पहिला आवाज तसाच राहिला आणि त्याच्यावर दुसरा बसला, त्याच्यावर तिसरा. लंडनच्या उत्तर भागातल्या टॉटनहॅममधल्या आपल्या खोलीत बसून या मुलानं असा एकट्याचा वाद्यवृंद उभा केला.

ही फीत घेऊन तो कंपन्यांकडे फिरला. सगळीकडून नकार! शब्द नसलेलं, संपता न संपणारं संगीत कोण विकत घेणार, असा त्यांचा हिशोब. त्यांनाही फार दोष देऊ नका, दुकानदारानं तोच हिशोब केला असता.

मग ऑक्सफर्डशायरमधल्या शिप्टन-ऑन-चेरवेल या खेड्यात ‘द मॅनर’ नावाच्या जुन्या वाड्यात एक नवा स्टुडिओ उभा राहत होता. एका ताफ्याबरोबर तिथं सरावाला गेलेल्या माइकनं आपली फीत टॉम न्यूमन आणि सायमन हेवर्थ या दोघा तंत्रज्ञांना ऐकवली. त्यांना ती आवडली. स्टुडिओचे मालक होते रिचर्ड ब्रॅन्सन, तेही विशी ओलांडलेले तरुणच. त्यांनी बऱ्याच महिन्यांनी, १९७२ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी, माइकला स्टुडिओ दिला. किती दिवस? एक आठवडा! त्या आठवड्यात पहिली बाजू जवळजवळ उभी राहिली. दुसऱ्या बाजूचं काम मात्र पुढच्या वर्षी, स्टुडिओ रिकामा असेल त्या तासांमध्ये, तुकड्या-तुकड्यांनी झालं. हा फरक लक्षात ठेवा, तो आपल्याला पुढे लागणार आहे.

स्टुडिओतलं यंत्र मोठं होतं. त्याच्या रुंद फितीवर सोळा समांतर पट्टे होते, सोळा लेनच्या रस्त्यासारखे. एका लेनमध्ये पियानो, दुसरीत ऑर्गन, तिसरीत गिटार. प्रत्येक वाद्य वेगळ्या वेळी वाजवायचं, पण ऐकताना सगळी गाडी एकदम पुढे जायची.

आता बसू या ऐकायला.

सुरुवातीला पियानोचे स्वर ठिबकतात. नळाखाली बादली ठेवल्यावर थेंब पडतात ना, तसे. ऐकताना वाटतं, सोपं आहे की! म्हणून टाळी धरायला जावं तर टाळी चुकते. पुन्हा धरावी तर पुन्हा चुकते. का बरं? तर हा तुकडा पंधरा मात्रांचा आहे. एकदा सात मोजा, लगेच आठ मोजा, पुन्हा सात, पुन्हा आठ. तबला शिकणाऱ्यांना तीनतालाच्या सोळा मात्रा ठाऊक असतात. त्यातली एक चोरून नेली तर कसं होईल, तसं हे. (आपल्याकडे पंधरा मात्रांचा पंचम सवारी हा ताल आहेच, तेव्हा आपल्या कानांनी उगाच घाबरायचं कारण नाही.) माझ्या चौथीच्या वर्गाकडून मी हा तुकडा टाळ्यांवर करून घेतला. पहिल्या दिवशी नुसता गोंगाट. तिसऱ्या दिवशी मात्र मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, हे लंगडीसारखं आहे, एक पाय नेहमी वर राहतो.” मला तर एवढं नेमकं वर्णन सुचलं नसतं.

ती चोरलेली मात्रा फार महत्त्वाची आहे बरं का. सोळा मात्रा पुऱ्या झाल्या असत्या तर कान निवांत झाला असता. इथं तो कधीच टेकत नाही, सतत पुढे ओढला जातो. त्यामुळे तोच तुकडा कितीही वेळा आला तरी कंटाळा येत नाही. शिवाय माइक प्रत्येक फेरीत काहीतरी बदलतो. आधी खाली खर्जात बेस गिटार येते, मग ऑर्गनचा लांब श्वास, मग तारांची झणकार. पाहुणे आल्यावर घर कसं हळूहळू भरत जातं, तसा आवाज भरत जातो. इथं मला वय-बिय काही आठवत नाही. मी नुसती ऐकत राहते.

पहिल्या बाजूचा शेवट तर तुम्हा मुलांसाठीच केल्यासारखा आहे. बेस गिटारवर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजत राहते, आणि व्हिव्हियन स्टॅनशॉल नावाचा विनोदी गायक दरबारातल्या भालदाराच्या थाटात एकेका वाद्याचं नाव पुकारतो. नाव पुकारलं की ते वाद्य पुढे येऊन चाल वाजवतं. पियानो, ऑर्गन, धातूच्या छोट्या पट्ट्यांवर हातोडीनं वाजवायचं ग्लॉकनस्पील, गिटारीचे प्रकार, मँडोलिन. एका गिटारीचं नाव ‘दुप्पट वेगाची गिटार’ असं पुकारलं जातं. ती काय भानगड? फीत निम्म्या वेगानं फिरवून गिटार मुद्रित करायची आणि ऐकताना नेहमीच्या वेगानं फिरवायची. मग वेगही दुप्पट होतो आणि स्वरही एक सप्तक वर चढतो. अगदी बाहुलीची गिटार! हल्लीचे मोबाइल वेग बदलून स्वर तसाच ठेवू शकतात. फितीला ते जमत नसे, आणि त्या न जमण्याचाच माइकनं उपयोग करून घेतला.

आणि सगळ्यात शेवटी येतात त्या नळीच्या घंटा. चौकटीला टांगलेल्या लांब-आखूड पोकळ नळ्या, वरच्या कडेवर हातोडीनं ठोकायच्या. लांब नळीचा आवाज खाली, आखूड नळीचा वर. त्या स्टुडिओत आल्या कशा? माइकच्या आधी तिथं जॉन केल नावाच्या वादकाचं काम चाललं होतं. त्यांची वाद्यं परत चालली असताना माइकला या घंटा दिसल्या आणि त्यानं त्या ठेवून घ्यायला सांगितल्या. स्टॅनशॉलनं ते नाव अशा काही रुबाबात पुकारलं, की तेच ध्वनिमुद्रिकेचं नाव झालं. माइकला घंटेचा आवाज हवा होता दणदणीत. त्यानं ती एवढ्या जोरानं ठोकली की तिची दशा झाली. मुखपृष्ठावरची समुद्राच्या पार्श्वभूमीवरची वाकवलेली नळी तुम्ही कुठंतरी पाहिली असेल. ट्रेव्हर की यांनी केलेल्या त्या चित्राची कल्पना या ठोकाठोकीवरूनच निघाली.

घंटा वाजल्यावर सगळा आवाज उंच चढतो, बायकांचे स्वर येतात (त्यात सॅलीताईही आहे), आणि मग एकेक करून सगळे निघून जातात. उरते एक साधी गिटार. यात्रा पांगल्यावर देवळाच्या ओसरीवर कुणी एकटं बसलेलं असावं, तशी.

आता तबकडी उलटी करा. इथून पुढे मी थोडी कडक परीक्षक होणार आहे.

दुसऱ्या बाजूची सुरुवात मऊ आहे, छान आहे. पुढे गिटारींचा आवाज चक्क स्कॉटलंडच्या पिशवीवाद्यासारखा, बॅगपाइपसारखा काढलाय, तोही मजेदार. पण एक प्रसंग दुसऱ्यातून उगवत नाही, नुसता दुसऱ्याला चिकटवलेला वाटतो. तुम्ही निबंध लिहिताना पहिला परिच्छेद पावसाळ्याचा, दुसरा क्रिकेटचा आणि मध्ये ‘त्याचप्रमाणे’ असं घालता ना, तसं. उरल्यासुरल्या तासांत तुकड्या-तुकड्यांनी काम झालं म्हणाले होते, ते इथं ऐकू येतं.

मग मध्येच एक गुहेतला माणूस गुरगुरायला लागतो! मुलांना हा भाग हमखास आवडतो. माझ्या वर्गात तर हसून हसून पुरेवाट झाली. युक्ती मघाचीच, पण उलटी. फीत जास्त वेगानं फिरवत माइकनं आरडाओरडा मुद्रित केला आणि नेहमीच्या वेगावर ऐकवला. आवाज खाली उतरून जाडाभरडा झाला. या गुरगुरणाऱ्याला ‘पिल्टडाउन मॅन’ असं नाव दिलंय. पिल्टडाउनचा मानव म्हणजे १९१२ साली इंग्लंडमध्ये गाजलेली कवटी. ती माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा जोडून केलेली लबाडी होती, हे १९५३ साली सिद्ध झालं. रॉक म्हणवणाऱ्या या ध्वनिमुद्रिकेत ड्रमचा पुरा संच वाजतो तोही याच भागात, आणि तो माइकनं नाही, स्टीव्ह ब्राउटन यांनी वाजवलाय. विनोद पहिल्यांदा फक्कड लागतो. पण तोच विनोद चार-पाच मिनिटं चालतो, आणि दुसऱ्यांदा ऐकताना मला घड्याळाकडे पाहावंसं वाटतं.

त्यानंतरचा ऑर्गन आणि गिटारीचा संथ भाग मात्र फार सुंदर. अगदी अखेरीस खलाशांच्या नाचाची जुनी चाल येते आणि ती वेग वाढवत वाढवत सुसाट पळते. ऐकायला धमाल आहे, पण एवढ्या प्रवासाचा मुक्काम हाच का, याचं उत्तर मला सापडत नाही. म्हणजे पाहा, पहिल्या बाजूला मी माइकचं वय न विचारता शंभरातले नव्वद देईन. दुसऱ्या बाजूला साठ, आणि त्यातही ‘मुलगा एकटा होता हो’ म्हणून दिलेले चार-पाच असतील.

ही ध्वनिमुद्रिका २५ मे १९७३ ला बाहेर आली. ब्रॅन्सन यांनी नव्यानं काढलेल्या व्हर्जिन कंपनीची ही क्रमांकानं पहिली. सुरुवातीला खप बेताचा होता, मग वाढतच गेला. त्याच वर्षाअखेर ‘द एक्झॉर्सिस्ट’ नावाचा अमेरिकन भयपट आला (तो तुम्ही पाहायचा नाही!) आणि त्यात सुरुवातीचा पंधरा मात्रांचा तुकडा वापरला होता. झालं! लोकांना ते स्वर ऐकले की भुतं आठवू लागली. वास्तविक माइकनं ते भुतासाठी केले नव्हते. एखादी चाल कशाबरोबर ऐकली यावर ती कशी वाटते हे किती अवलंबून असतं पाहा. तुम्ही सिनेमा पाहिलेला नाही, तेव्हा तुमचे कान याबाबतीत मोठ्यांपेक्षा भाग्यवान. १९७४ च्या ऑक्टोबरात ‘ट्युब्युलर बेल्स’ ब्रिटनच्या यादीत पहिली आली, आणि तिनं हटवलं कुणाला? माइकच्याच दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेला!

पण ज्याचं हे सगळं, तो मुलगा कुठं होता? लांब हेरफर्डशायरच्या टेकड्यांमध्ये. लोकांसमोर जायची त्याला धास्ती वाटे, छातीत धडधडे. लंडनमध्ये जून १९७३ मध्ये पहिला जाहीर कार्यक्रम ठरला तेव्हा तो येईना. शेवटी ब्रॅन्सन यांनी आपली बेंटली मोटार देऊ केली, तेव्हा तो तयार झाला, असं त्यांनी स्वतः आत्मचरित्रात लिहिलंय. आई-बाबांनो, हा परिच्छेद तुमच्यासाठी आहे. मुलगा वाजवतो म्हणून त्याला लगेच स्टेजवर ढकलायची आपल्याला भारी घाई असते. वाजवणं आणि लोकांसमोर उभं राहणं ही दोन निरनिराळी कामं आहेत.

पन्नाशीला आल्यावर, २००३ साली, माइकनं हीच रचना पहिल्यापासून पुन्हा वाजवली. मूळच्या मुद्रणातल्या चुका त्याला वर्षानुवर्षं टोचत होत्या. स्टॅनशॉल १९९५ मध्ये वारले होते, म्हणून वाद्यांची नावं या वेळी जॉन क्लीज या प्रसिद्ध नटानं पुकारली. नवं मुद्रण स्वच्छ आहे, एकही स्वर हललेला नाही. वहीतला निबंध सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून काढावा तसं. तरी मी पुन्हा पुन्हा वळते ती १९७३ च्या मुद्रणाकडेच. तिथं मध्येच एखादी गिटार किंचित पुढे पळते, मागून दुसरी तिला गाठते, आणि आत कुणीतरी धडपडतंय हे कळतं. माझ्या भावाला मात्र २००३ चंच आवडतं. त्याचं म्हणणं, ज्यानं केलं त्यालाच चूक वाटली तर ती चूकच! यावर आमचं अजून जमलेलं नाही.

२७ जुलै २०१२ ला लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाला ५९ वर्षांचा माइक भर मैदानात, हजारो लोकांसमोर गिटार घेऊन उभा होता. भोवती पलंगांवर उड्या मारणारी मुलं, नर्सचा वेश केलेले नर्तक, आणि सुरुवातीला तेच सात-आठ, सात-आठ. तो टीव्हीवर पाहिलेला भाग आई-बाबांना आठवत असेल.

दोन्ही मुद्रणं आज इंटरनेटवरच्या संगीतसेवांवर मिळतात. मोठ्यांना विचारून लावा. ऐकताना गृहपाठ करू नका, दुसरं काही पाहू नका, आणि पहिल्या बाजूनंतर उठून पाणी पिऊन या, कारण पूर्वी तिथं उठावंच लागायचं. जवळ कागद ठेवा. कुठं कान टवकारले आणि कुठं लक्ष उडालं, ते मिनिटासकट टिपून घ्या. दुसऱ्या बाजूला मी दिलेले साठ तुम्हाला कमी वाटले तर मला जरूर कळवा. पण नुसतं “मस्त आहे” चालणार नाही हं, कोणत्या मिनिटाला काय मस्त वाटलं तेही लिहायचं!